सर्वांनीं पाणी घातलेलें झाड

घरांत कुंड्या ठेवून झाडें वाढविण्याचा नाद आम्हांला उतारवयांत लागला, आणि तोही आवडीपेक्षां परिस्थितीनेंच लावला. पुण्याच्या पेठेंतील आमचा जुना वाडा नव्या इमारतीसाठीं पाडला गेला आणि आमचें सहा माणसांचें कुटुंब तिसऱ्या मजल्यावर राहावयास आलें. वाड्याच्या अंगणांत तुळस होती, पारिजातक होता, मोरीच्या पाण्यावर माजलेलें अळू होतें. त्यांची निगा कोण राखतो, हा प्रश्न कधीं कोणाच्या मनांतही आला नव्हता. जमिनींतील झाड पुष्कळसें आपलें आपणच पाहून घेतें. कुंडींतील झाडाची गोष्ट निराळी. त्याची सारी पृथ्वी वीतभर. तींत आपण जें घालूं तेवढेंच त्याच्या वाट्यास येतें. हा भेद कळण्यासाठीं आमच्या हातून एक झाड गेलें आणि एक अन्याय घडला. ती हकीकत आधीं सांगितल्यावांचून नवशिक्यांना चार शब्द सांगण्याचा अधिकार आम्हांला पोंचत नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या सूनबाईनें माहेराहून मनीप्लँटचा एक वेल आणला. तिच्या आईनें लावलेल्या वेलाचाच तो फांटा होता, आणि त्या माउलीस जाऊन तेव्हां वर्षही झालें नव्हतें. कुंडी बैठकीच्या खिडकीपाशीं ठेवली. उन्हाळाभर वेल तजेलदार होता. पण पाऊस लागला आणि एकेक पान पिवळें पडून गळूं लागलें. उरलेलीं पानें मलूल होऊन खालीं लोंबूं लागलीं. एके दिवशीं सकाळच्या चहाच्या वेळीं सर्वांदेखत आम्ही बोलून गेलों, "माहेरची एवढी आठवण, पण तिला वेळेवर पाणी घालणें कांहीं जमत नाहीं." सूनबाई कांहींच बोलली नाहीं. उठली, तांब्या भरून आणला, कुंडींत ओतला आणि आंत निघून गेली.

त्याच दुपारीं आमच्या मातोश्रींनीं ती कुंडी आपल्याजवळ आणविली. त्यांचें वय शहाऐंशीं, दृष्टि अधू. पण हाताला मातीची ओळख आहे. त्यांनीं मातींत दोन पेरें बोट खुपसलें, तें नाकाशीं नेलें आणि म्हणाल्या, "अरे, ह्याला तहान कुठली? हा तर बुडाला आहे!" कुंडी उपडी केली. मुळें काळीं पडून बुळबुळीत झालीं होतीं. चिमटींत धरून ओढतांच त्यांची साल हातांत येत होती. मातीला कुबट वास येत होता आणि कुंडीखालच्या ताटलींत पाणी सांचलेलें होतें.

मग चौकशी झाली. सूनबाई एक दिवसाआड पाणी घालीत असे. चिरंजीव कचेरीस जातांना घालीत. आमच्या सौ. तांदूळ धुतलेलें पाणी टाकावयाचें कशाला म्हणून तेथें ओतीत. नातू शाळेंतून आला कीं बाटलींतील उरलेलें पाणी रिकामें करी. मातोश्री तुळशीचें झाल्यावर तांब्यांत राहिलेलें घालीत. आणि आम्ही? पानें पिवळीं पडूं लागल्यापासून आम्ही रोज रात्रीं निजण्यापूर्वीं, कोणाला न सांगतां, एक पेला ओतीत होतों. बाकीच्यांचें लक्ष नाहीं, असें आम्हां प्रत्येकास वाटत होतें. सहा जणांच्या मायेनें तो वेल गुदमरला, आणि दोष मात्र आम्हीं एकीच्याच माथीं मारला होता.

'गुदमरला' हा शब्द आम्ही अलंकारिक अर्थानें योजिलेला नाहीं. मुळांनाही श्वसनासाठीं प्राणवायु लागतो, आणि तो मातीच्या कणांमधील पोकळींत असलेल्या हवेंतून त्यांस मिळतो. माती सदोदित ओली राहिली कीं ती पोकळी पाण्यानें भरते, मुळें दुबळीं होतात, त्यांत बुरशी शिरते आणि तीं कुजतात. कुजलेलें मूळ पाणी शोषूं शकत नाहीं. त्यामुळें पाण्यांत उभें असलेलें झाडही तहानेल्या झाडाप्रमाणेंच मान टाकतें. येथेंच आपली फसगत होते: आपण तें पाहून आणखी पाणी घालतों. त्यांतून पावसाळ्यांत हवा दमट, ऊन बेताचें, म्हणून मातींतील ओल लवकर सुकत नाहीं. मे महिन्यांतलें माप जुलै-ऑगस्टांत चालूं ठेवणें म्हणजे झाड बुडविणेंच होय.

म्हणून ज्यांस हा छंद नव्यानें करावयाचा असेल, त्यांनीं आरंभ अशा झाडांपासून करावा कीं जीं आपल्या विसरभोळेपणास क्षमा करतात. ज्याला आज सर्वत्र स्नेक प्लँट म्हणतात, तें तलवारीसारख्या उभ्या पानांचें झाड त्यांत पहिलें. तें मूळचें पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांतलें. त्याच्या जाड पानांत पाण्याचा सांठा असतो, आणि पानांवरचीं सूक्ष्म रंध्रें तें मुख्यतः रात्रींच्या गारव्यांत उघडतें. त्यामुळें त्याचें पाणी फार थोडें उडून जातें. दोन-तीन आठवडे आपण गांवीं गेलों तरी त्याची तक्रार नसते. दुसरें झेडझेड प्लँट, पूर्व आफ्रिकेंतलें. त्याच्या मुळाशीं बटाट्यासारखे कंद असतात, आणि हेंच त्याचें कोठार. तिसरा आमचा मनीप्लँट. पॅसिफिक महासागरांतील मोओरेआ हें बेट त्याचें माहेर. येथें मात्र तो इतका रुळला आहे कीं चोरून आणल्यास घरांत पैसा येतो, अशी समजूतही त्याच्याभोंवतीं जमली. चौथी कोरफड, पण तिला खिडकींतलें ऊन हवें.

हीं झाडें कमी उजेड सोसतात, याचा अर्थ त्यांना अंधार आवडतो असा नव्हे. दिवसा दिवा न लावतां जेथें वर्तमानपत्र सहज वाचतां येतें, तेथें यांतील पहिलीं तीन सुखानें राहतात. तुळशीस मात्र दिवसाचे कांहीं तास तरी प्रत्यक्ष ऊन लागतें. भक्तीपोटीं तिला देवघराच्या कोनाड्यांत ठेवूं नये, ती झुरते. मनीप्लँट व झेडझेड यांचीं पानें चावल्यास तोंडाची आग होते. घरांत रांगतें मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर असावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. दोन-चार कुंड्या ठेवल्या कीं घरांतील हवा शुद्ध होते, असें पुष्कळ जण सांगतात. अमेरिकेंतील नासा या संस्थेनें १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून हा समज पसरला. ते प्रयोग बंद पेटींत झाले होते. पुढें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें दिसून आलें कीं वाऱ्याच्या साध्या येण्याजाण्यानें घरांत जें काम होतें, तें झाडांकडून करवून घ्यावयाचें तर दर चौरस मीटरास निदान दहा झाडें लागतील. तेव्हां हवेसाठीं खिडकी उघडावी, आणि झाड झाडासाठींच लावावें.

कुंडीच्या बुडाला भोंक असावें, त्यावर खापरीचा तुकडा ठेवावा, ताटलींत सांचलेलें पाणी ओतून टाकावें. वार पाहून पाणी घालूं नये; बोट मातींत दोन पेरें घालून पाहावें, आणि कोरडें लागलें तरच घालावें. आणि एकत्र कुटुंबासाठीं मुख्य नियम हा कीं एका कुंडीस एकच धनी असावा. इतरांनीं नुसतें पाहावें.

त्या वेलाचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. मातोश्रींनीं बोटांनीं चांचपून शेंड्याकडील तीन तुकडे वेगळे काढले. त्यांचीं पेरें शाबूत होतीं. मुळें फुटतात तीं पेरापाशींच. नुसतें पान पाण्यांत ठेवून वेल होत नाहीं. तुकडे पाण्याच्या बाटलींत ठेवले. दुसऱ्या दिवशीं त्याच चहाच्या वेळीं, सर्वांदेखत, आम्हीं सूनबाईजवळ आपली चूक कबूल केली. ती क्षणभर खालीं पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबा, ह्या बाटलींतलें पाणी आतां मीच बदलीन."

तिसऱ्या आठवड्यांत पांढरीं मुळें दिसलीं. आज तो वेल मातीच्या कुंडींत, त्याच खिडकीपाशीं आहे. आम्ही अजूनही निजण्यापूर्वीं तेथें जातों. हातांत पेला मात्र नसतो. मातींत बोट घालून पाहतों, आणि बोट पुसून परत येतों.