विंचवाचं बिऱ्हाड



पाळलेला प्राणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? शेपूट हलवणारा कुत्रा, पायात घोटाळणारी मांजर, फार तर काचेच्या टाकीतले मासे. मी मात्र एक विंचू सांभाळला आहे. दचकलात ना? सगळेच दचकतात!

मी तेव्हा एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. गावाबाहेर विहिरीचं काम चाललं होतं. दगड हलवताना मजुरांना एक मोठी काळी इंगळी दिसली. दगड घालून ती मारण्याऐवजी त्यांनी डब्यात घालून प्रयोगशाळेत आणून दिली. काळीभोर, उजेडात किंचित हिरवट चमकणारी, करंगळीहून चांगली लांब. आता हिला जगवायचं कसं?

आधी घर. माशांची एक जुनी टाकी रिकामी पडून होती. तिच्यात चार बोटं जाड माती घातली, त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळला आणि माती नुसती दमट राहील इतकंच पाणी शिंपडलं. पाणी जास्त झालं की बुरशी धरते. एका कोपऱ्यात फुटकं कौल पालथं घातलं. ते तिचं बीळ! बाटलीच्या झाकणात थोडं पाणी आणि दोन खडे ठेवले. वरून जाळीचं घट्ट झाकण. टाकी उन्हापासून दूर ठेवली आणि त्या खोलीत झुरळांचं औषध मारायला सक्त मनाई केली.

मग जेवण. आठवड्याला एक रातकिडा, बस्स! विंचू फार सावकाश जगतो. काही जातींचे विंचू तर कित्येक महिने उपाशी राहू शकतात. मुलांना मात्र ते पटेना. रोज कुणीतरी काडेपेटीत नाकतोडा घेऊन हजर! "सर, बिचारीला भूक लागली असेल हो!" मी नाकतोडे परत बागेत सोडायला लावायचो.

दुसरी अडचण टकटकीची. येणारा-जाणारा काचेवर टिचकी मारायचा. विंचवाला डोळे असतात, पण नजर अधू असते. तो जग ओळखतो ते पायांनी, जमिनीच्या हादऱ्यांवरून. आपली टिचकी म्हणजे त्याच्या घरात भूकंपच की! शेवटी मी टाकीवर पाटी लावली : 'इथे बघायचं. वाजवायचं नाही.'

वैशाखात इंगळीनं खाणं सोडलं. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. रातकिडा समोरून गेला तरी ती ढिम्म हलेना. दुसऱ्या दिवशी तो मीच चिमट्यानं बाहेर काढायचो. पोट फुगलेलं, चाल मंद. प्रयोगशाळेतले शिपाईमामा मान हलवून म्हणाले, "सर, ही काही जगत नाही." मुलांकडे तर उपायांची यादीच तयार होती. कुणी म्हणालं, उन्हात ठेवू या. कुणी म्हणालं, ग्लुकोजचं पाणी पाजू या. एकानं तर तिला काडीनं चालवायचा बेत केला!

मी एवढंच केलं : टाकीवर काळं फडकं टाकलं, मातीचा ओलावा सांभाळला आणि सगळ्यांचे हात लांब ठेवले. मला अंदाज होता, पण खात्री नव्हती. ती मेली असती, तर "सरांनी काहीच केलं नाही" असंच सगळे म्हणाले असते. रोज सकाळी फडकं उचलताना छातीत धडधडायचं.

आणि एका सकाळी फडक्याचा कोपरा उचलला, तर इंगळीच्या पाठीवर पांढऱ्या दाण्यांचा थर! दाणे कसले, पिल्लं ती! विंचू अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतो. मी मोजायला लागलो आणि तेवीसवर गोंधळलो. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण सहज वापरतो. ते बिऱ्हाड हेच!

"आता पिल्लं आईला खाणार," असं शिपाईमामांनी छातीठोकपणे सांगितलं. तुम्हीही हे ऐकलं असेल. पण तसं होत नाही, बरं का! पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं अंगातल्या साठ्यावरच जगतात. उलट, फार त्रास दिला तर घाबरलेली आईच पिल्लांना खाऊ शकते. म्हणून फडकं तसंच राहू दिलं. दीडेक आठवड्यानं पिल्लांनी कात टाकली, रंग गडद झाला आणि एकेक जण खाली उतरू लागला. आई ठणठणीत होती! पहिला पाऊस पडल्यावर आम्ही सगळं कुटुंब विहिरीजवळच्या खडकाळ उतारावर सोडून आलो.

आता महत्त्वाचं. हे वाचून कुणीही विंचू पकडायला जायचं नाही! काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचं विष त्या मानानं सौम्य. आपल्या कोकणातला लहानसा लाल विंचू मात्र जीव घेऊ शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या विषावर वापरलं आणि कितीतरी जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू चावला, तर मंत्र-तंत्र नको, तडक दवाखाना गाठायचा.

आणि तुमच्या घरी मासा असो की मांजर, एक गोष्ट करून बघा. आठवडाभर त्याला नुसतं शांतपणे न्याहाळा. त्याला खायला कधी हवं असतं आणि एकटं कधी राहायचं असतं, ते वहीत लिहून ठेवा. बघा, काय काय सापडतं ते!