आठ हजारांची खोली

इंडक्शनच्या दिवशी एचआर मेडिक्लेमचं प्रेझेंटेशन दाखवत होती तेव्हा मी काय करत होते? शेजारच्या मुलीशी कॅन्टीनच्या भयंकर कॉफीबद्दल कुजबुजत होते. पाच लाखांचं कव्हर, आई-बाबाही त्यात... एवढं कानावर पडलं आणि मी निश्चिंत! ‘आता सगळं कॅशलेस,’ असं कराडला फोन करून बाबांना सांगूनही टाकलं.

जून २०२५ मध्ये बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर असल्याचं कळलं. ऑपरेशन ताबडतोब. पुण्यातल्या हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘‘रूम कोणती?’’ बाबा आयुष्यभर शाळामास्तर. लग्नघरात सतरंजी मिळाली तरी खूश. म्हटलं, निदान आता तरी त्यांना नीट झोप मिळू दे. सिंगल एसी. दिवसाला ८,००० रुपये.

ऑपरेशन छान झालं. घोळ झाला तो डिस्चार्जच्या दिवशी. सकाळी दहाला डॉक्टर ‘घरी जा’ म्हणाले आणि आम्ही बॅगा भरून संध्याकाळी साडेसातपर्यंत तिथेच. (हॉस्पिटलची विनंती आल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची, असा २०२४ चा नियम आहे. मला तेव्हा कुठे माहीत!) शेवटी मंजुरी आली. बिल ४,१०,००० रुपये. त्यातले १,५३,७५० आम्ही भरायचे.

का? तर खोलीमुळे. पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा होती. विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. मला वाटलेलं, वरचे तीन हजार आपण भरू, विषय संपला. पण तसं नसतं हो! खोली महाग तर सर्जनची फी, ओटी, नर्सिंग सगळंच त्या हिशेबाने महाग, असं धरतात आणि त्याच प्रमाणात कात्री लावतात. शंभरातले साडेबासष्टच मंजूर. मी बापावर केलेल्या मायेची ही किंमत!

एफडी मोडली, मावशीकडून चाळीस हजार घेतले, उरलेलं क्रेडिट कार्डावर. बाबांना सांगितलं, ‘‘थोडं भरावं लागलं.’’ मास्तरच ते. टेबलावरचं बिल त्यांनी रात्री चष्मा लावून वाचलं. सकाळी एवढंच म्हणाले, ‘‘मला जनरलमध्येपण झोप आली असती गं.’’

टाके दाखवायला गेलो तेव्हा तळमजल्यावर ‘समाजसेवा विभाग’ ही पाटी दिसली. ते गरिबांसाठी असतं, अशी माझी समजूत. त्यात तथ्य आहेच. आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. माझ्या पुढे एक वॉचमनकाका त्याचाच फॉर्म भरत होते. मला तिथे बसायचीसुद्धा लाज वाटत होती. टेबलामागच्या ताईंनी माझं बिल बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘पगारवाले आमच्याकडे फार उशिरा येतात. पॉलिसीचे पूर्ण कागद आणलेत?’’

पूर्ण कागद? माझ्याकडे फक्त ते कार्ड! एचआरकडून चौतीस पानं मागवली. ताईंनी पेन्सिलने एका ओळीखाली रेघ मारली. औषधं, तपासण्या आणि कन्झ्युमेबल्सवर ही प्रमाणातली कपात लावायची नाही, असं तिथे स्वच्छ छापलेलं होतं. कंपनीने तर सरसकट सगळ्यावर लावलेली. आमच्या बिलात हे तिन्ही मिळून १,६०,००० चे. म्हणजे ६०,००० रुपये चुकीने कापलेले.

त्यांनी रस्ताही सांगितला. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, कलमाचा नंबर टाकून. फोनवर भांडत बसू नका. महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही. मी त्याच रात्री मेल लिहिला. तीनदा खोडून, कारण पहिल्या दोन मसुद्यांत शिव्याच जास्त होत्या.

एकोणिसाव्या दिवशी मीटिंगमध्ये असताना साठ हजार जमा झाल्याचा मेसेज आला. उरलेले ९३,७५० मात्र गेले ते गेलेच. तो नियम मी वाचलाच नव्हता.

मावशीचे पैसे आधी फेडले. आता केमो सुरू आहे. ती डे-केअरमध्ये होते, रात्रभर राहावं लागत नाही. पहिल्या सायकलच्या दिवशी मी पार्किंगमधून येईपर्यंत बाबा काउंटरवर पोचले होते, खिशातून वहीचं पान काढून त्या मुलीला विचारत होते, ‘‘बाळ, या खुर्चीचं भाडं किती? आणि ते कशाच्या किती टक्के?’’