वेड-नेस-डे

पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा, सहा प्रयत्नांत. जॉश वॉर्डलचा हा ‘वर्डल’ खेळ २०२१ मध्ये लोकांच्या हाती आला, जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला, आणि पुण्यातल्या आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी हिरवे-पिवळे चौकोन पडायला लागले. मी बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात सुटते. कॉन्व्हेंटवाल्यांना याचं नवल वाटतं.

मी वसमत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली. (आमच्या तालुक्याचं इंग्रजी स्पेलिंग कुठे व्हीने सुरू होतं, कुठे बीने, आणि शेवटचा एच लिहिणाऱ्याच्या मर्जीवर.) आमच्याकडे इंग्रजी शब्द कानावर पडायचेच नाहीत, ते फक्त दिसायचे. म्हणून जसं लिहिलंय तसंच घोकायचं. वेड-नेस-डे. लिस-टेन. क-नाईफ. सरांसमोर नीट म्हणायचं, पेपर लिहिताना मनात हे.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मीटिंगमध्ये तोंडून ‘वेडनेसडे’ गेलं. कोणी वाईट हसलं नाही, पण हसले. त्यानंतर कित्येक महिने मी वार सांगितलाच नाही, तारीख सांगायचे. रात्री हेडफोन लावून उच्चारांचे व्हिडिओ बघायचे.

वर्डल उच्चार विचारत नाही. कानाने इंग्रजी शिकलेल्यांना ऐकू न येणारी अक्षरं पटकन सुचत नाहीत. मला तीच आधी आठवायची. आरच्या आधी डब्ल्यू, एनच्या आधी जी. पुढे स्क्रॅबलही लागलं. त्यात शंभर सोंगट्यांपैकी बारा ईच्या, क्यूची एकच, दहा गुणांची. तिथे ‘धोती’सुद्धा चालते. आम्ही धोतर म्हणतो, पण असो.

या मार्चमध्ये गावी गेले. हळद शिजवून अंगणात वाळत घातलेली, आबा राखणीला बाजेवर. आबांची दहावी इंग्रजीत गेली, दोनदा. घरात इंग्रजीचा विषय निघाला की ते उठून जनावरांकडे जातात.

“काय करायलीस गं?”

“शब्द शोधायलेय.”

मोबाइल दाखवला. दोन प्रयत्नांत दुसरा एन, तिसरा आय, शेवटचा ई असे तीन चौकोन हिरवे झाले होते. एस आणि ए बाद. पहिलं अक्षर काही केल्या सुचेना. मी ओठांवर एकेक शब्द पुटपुटून बघत होते, व्हिडिओतल्यासारखा, अगदी स्वच्छ.

आबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग इकडेतिकडे बघून, कोणी ऐकत नाही ना अशा आवाजात म्हणाले, “के लावून बघ की. क-नाईफ.”

माझा के कधी गेला, मला कळलंच नव्हतं.

“म्हणजे चाकू,” आबा म्हणाले.