फेसाला जामीन कोण?

कर्जाचा अर्ज आला की आमच्या बँकेत पहिला प्रश्न विचारतात, ‘जामीनदार कोण?’ अर्जदार कितीही गोड बोलो, त्याच्या मिशा कितीही भारदस्त असोत, फॉर्मवर जामीनदारांच्या सह्या पडल्याशिवाय साहेब फाइल पुढे सरकवत नाहीत. उद्या अर्जदाराने हात वर केले, तर कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहता यायला हवे! वीस वर्षे ही कारकुनी केल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कोणी कशाची स्तुती करू लागला की वाटते, आधी याची सही घेऊन ठेवावी. मिसळ, सिनेमा, उपवर मुलगा, कशाचीही स्तुती असो. पण ही सही सर्वांत जास्त हवीशी वाटते ती बिअरच्या बाबतीत.

दचकू नका. मी पिणारा माणूस नाही. म्हणजे पितो, पण ‘पिणारा’ या पदाला जी पात्रता लागते ती माझ्यापाशी नाही. दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, म्हणून आदल्या शुक्रवारी मी आणि आमचा कॅशियर परमिट रूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एक बाटली दोघांत घेतो. तिथे बिअरच्या दोनच जाती, माइल्ड आणि स्ट्राँग. पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल ती माइल्ड, पाचच्या वर आठपर्यंत ती स्ट्राँग. सरकारी नियमातही हीच वाटणी आहे. वेटर ‘कोणती?’ असे विचारतो आणि उत्तराची वाट न बघता स्ट्राँग आणतो, कारण या देशात बहुतेकांना तीच लागते. त्या बिअरची कोणी स्तुती करत नाही. तिचे काम थंड असणे, आणि ते ती चोख बजावते. सोबत खारे शेंगदाणे. अपेक्षा शून्य, म्हणून अपेक्षाभंगही शून्य. ताळेबंद जुळतो.

हा ताळेबंद बिघडवला तो क्राफ्ट बिअरने. पुण्यात २००९ पासून जागेवरच बनवलेली बिअर मिळू लागली. काचेपलीकडे मोठमोठी चकचकीत पिंपे, अलीकडे आपण. पण आमच्यापर्यंत ती पोचली बऱ्याच वर्षांनी, बदलून आलेल्या नव्या साहेबांबरोबर. मार्चएंड पार पडल्याच्या आनंदात ते सगळ्या स्टाफला अशा एका ठिकाणी घेऊन गेले. मेनूकार्ड उघडले आणि मला लेजर उघडल्यासारखे वाटले. प्रत्येक नावापुढे दोन रकाने, एकात अल्कोहोलचे टक्के आणि दुसऱ्यात ‘आयबीयू’. साहेबांनी समजावून सांगितले की, आयबीयू म्हणजे कडवटपणाचे माप. हॉप्स नावाच्या वेलीची शंकूसारखी फुले बिअरमध्ये उकळतात. त्यांतले कडू द्रव्य लिटरमागे किती मिलिग्रॅम उतरले, त्याचा हा ढोबळ आकडा. आपल्या नेहमीच्या बाटलीत तो दहा-वीसच्या घरात असतो. साहेबांनी मागवली ती साठाची, ‘इंडिया पेल एल’.

नावात इंडिया बघून माझा ऊर भरून आला. पुढे कळले की नाव आपले असले तरी सोय साहेबांची होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो ब्रुअरीतून हॉजसन नावाचा गृहस्थ हिंदुस्थानातल्या इंग्रजांसाठी बिअरची पिंपे जहाजाने धाडत असे. प्रवास महिनोन्‌महिन्यांचा आणि हवा उष्ण. म्हणून अशा बिअरमध्ये हॉप्स सढळ हाताने घालायचे, म्हणजे ती टिकायची. थोडक्यात, ती कडू होती कारण तिला समुद्र ओलांडायचा होता. आम्ही तर रिक्षाने आलो होतो!

पहिला घोट घेतला आणि मला आजी आठवली. लहानपणी पोटात जंत झाले की ती काडेचिराईताचा काढा पाजत असे. फरक एवढाच, की आजी नाक दाबून पाजायची, वर गुळाचा खडा द्यायची आणि व्हॅट लावायची नाही. समोर साहेब डोळे मिटून सांगत होते, ‘आधी पपनसाचा वास, मग पाइनच्या झाडाचा, आणि शेवटी एक सुंदर कडवटपणा रेंगाळतो.’ रेंगाळत होता, हे खरे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या डब्यातल्या भेंडीपर्यंत रेंगाळला. पण सगळा स्टाफ ‘वा, वा’ म्हणत होता. कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट लिहिणारा माणूस समोर बसलेला असताना पाइनचा वास कोणाला येत नाही?

आमचा कॅशियर मात्र धाडसी. तो हळूच म्हणाला, ‘साहेब, जरा कडू लागतेय.’ साहेब हसले आणि म्हणाले, ‘चव तयार व्हावी लागते. अजून दोन-चार वेळा घ्या.’

वाचकहो, हे उत्तर नीट लक्षात ठेवा. नावाजलेली बिअर आवडली नाही, तर दोष बिअरचा कधीच नसतो, जिभेचा असतो. आणि त्यावर उपाय म्हणजे आणखी बिअर! बँकेत याला जुने थकीत कर्ज फेडायला नवे कर्ज देणे म्हणतात. रिझर्व्ह बँकेला ते मुळीच खपत नाही.

कडूपणाचे झाले, आता कडकपणाचे. साहेबांच्या पंथात आणखी एक शर्यत चालते, सर्वांत कडक बिअर कोणाची? स्कॉटलंडच्या ब्र्यूडॉग कंपनीने २००९ साली बत्तीस टक्क्यांची बिअर काढली आणि २०१० साली पंचावन्न टक्क्यांची. या दुसरीच्या बाटल्या तर पेंढा भरलेल्या खारींच्या आणि तसल्याच प्राण्यांच्या पोटात बसवून विकल्या. आपण पितोय की प्राणिसंग्रहालयात आलोय, हे गिऱ्हाइकाला कळू नये अशी सोय. आता एवढे टक्के येतात कुठून? आंबवून काही पंचावन्न गाठता येत नाहीत. त्याच्या कितीतरी आधी यीस्ट राजीनामा देते. मग बिअर गोठवायची. पाणी आधी गोठते, अल्कोहोल मागे राहते. बर्फ काढून टाकायचा की उरलेल्याची टक्केवारी वाढली!

ही युक्ती वाचली आणि मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. अहो, अंश तोच ठेवून छेद कमी करायचा, म्हणजे आकडा आपोआप वर जातो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हेच करून ज्यांनी बढत्या मिळवल्या, अशी माणसे मी पाहिली आहेत. पण त्याला कर्तबगारी म्हणत नाहीत आणि याला चव म्हणत नाहीत. टक्के हे व्याजासारखे आहेत. ते कितीही मोठे दिसले, तरी खाली मुद्दल हवे ना?

इथवर सगळे हसण्यावारी गेले. खरी परीक्षा झाली ती गेल्या वर्षी, ताईच्या गच्चीवर. माझा भाचा सहा वर्षे बेल्जियममध्ये नोकरीला आहे. सुट्टीवर येताना त्याने मोज्यात गुंडाळून एक बाटली आणली, ‘वेस्टव्लेटरेन १२’. नावात बारा, अल्कोहोल दहा पूर्णांक दोन टक्के. (बँकेत असे करून बघा!) ही बिअर सिंट-सिक्स्टस मठातले साधू बनवतात. २००५ साली इंटरनेटवरच्या रसिकांनी तिला जगातली सर्वोत्तम बिअर ठरवले आणि मठापुढे मोटारींच्या रांगा लागल्या. साधूंनी काय करावे? त्यांनी उत्पादन वाढवलेच नाही. फोन करून गाडीचा नंबर नोंदवा आणि ठरल्या दिवशी येऊन ठरावीक खोकी घेऊन जा, एवढेच सांगितले. वर्षानुवर्षे बाटलीला साधे लेबलसुद्धा नसे. जे काय सांगायचे ते बुचावर.

भाच्याने बाटली मठासमोरच्या कॅफेतून मिळवली होती. तेहतीस सेंटिलिटरची बाटली आणि आम्ही तिघे. म्हणजे माणशी खोकल्याच्या औषधाहून थोडी जास्त. त्याने स्वतः मापून ओतली आणि आपला पेला हातात न घेता तो माझ्या तोंडाकडे बघत बसला. भाऊजी पेला ओठाला लागण्याआधीच ‘क्या बात है!’ म्हणून मोकळे झाले.

‘मामा, कशी आहे? खरं सांग हं.’

मोठ्या पेचाचा प्रसंग. समोर साहेब असते तर पाइनचे अख्खे जंगल उभे केले असते. पण हे पोर माझ्या खांद्यावर बसून पालखी बघायला येत असे. त्याला खोटे सांगितले, तर उद्या खरे कोणत्या तोंडाने सांगणार? मी म्हणालो, ‘चांगली आहे रे. पण मला भेळेतली खजुराची चटणी आठवली. खाली काकवी, वर मनुका. जगातली सर्वोत्तम म्हणून नसती दिलीस, तर कदाचित जास्त आवडली असती.’

भाचा गप्प झाला. भाऊजींनी घाईघाईने विषय क्रिकेटकडे नेला. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘तिथल्या मित्रांबरोबर प्यालो तेव्हा सगळे इतका वेळ बोलत होते, की मला कशी लागली हे कोणी विचारलंच नाही.’

‘मग मी विचारतो. कशी लागली?’

‘माहीत नाही रे. थंडी होती. मला शेंगदाणे हवे होते.’

मला त्या साधूंचा राग नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडाने कसली ग्वाही दिली नव्हती. ती परक्या हजारोंनी परस्पर दिली, आणि त्यांतल्या एकाचाही पत्ता आपल्या फाइलीत नाही. या सहा वर्षांत भाच्याला पटकन ‘आवडलं नाही’ म्हणता येईल असे माणूस तिथे मिळाले नसावे, हे मात्र त्या रात्री गच्चीवर मला समजले. तसे माणूस जवळ असले की कोणतीही बिअर चालते. एकदा तर आम्ही तिघांनी नुसत्या सोड्यावर रात्र काढली आहे.

परवा त्याचा फोन आला. ‘मामा, दिवाळीला येतोय. या वेळी कोणती आणू?’

म्हटले, ‘काही आणू नकोस. मोजे रिकामे ठेव, परत जाताना त्यांत शेंगदाणे भरून देतो.’