आमच्या घरांतील राउटर

गेल्या वर्षींची गोष्ट. आमच्या ताईनें पुण्यांतील एका नोकरीसाठीं अर्ज केला होता व तिची मुलाखत संगणकावरून घरबसल्या व्हावयाची होती. मुलाखत सुरू होऊन दहा मिनिटें होतात न होतात तोंच पडद्यावरील चित्र थबकलें, आवाज तुटला, आणि जोडणी पुन्हा मिळेपर्यंत वेळ निघून गेली. ताई कोणास कांहीं बोलली नाहीं; पण त्या रात्रीं ती जेवलीहि नाहीं. माझ्या मनास निराळीच टोंचणी लागली होती. बैठकीच्या खोलीची शोभा जाते म्हणून राउटर लोखंडी कपाटामागें मींच दडवून ठेविला होता!

वडिलांनीं नवा राउटर आणण्याचें काम मजकडेच सोंपविलें. दुकानांत सहा-सहा शिंगांचीं यंत्रें मांडलेलीं होतीं. त्यांच्या खोक्यांवरील मोठाले आंकडे पाहून मी प्रथम दिपून गेलों. परंतु बारकाईनें वाचतां कळलें कीं, ‘1200’ हा आंकडा म्हणजे एका लहरपट्ट्याचे 300 व दुसऱ्याचे सुमारें 900 यांची नुसती बेरीज आहे. आमच्या घरीं येणारी जोडणी तर अवघी 100 मेगाबिटांची! आडांतच नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? शिवाय प्रक्षेपणाच्या शक्तीस कायद्यानेंच मर्यादा घातलेली असल्यामुळें शिंगें वाढलीं म्हणून भिंती कांहीं मेणाच्या होत नाहींत.

मी रिकाम्या हातांनीं परतलों व आधीं घरच तपासावयाचें ठरविलें. आमचें घर नगरच्या जुन्या वस्तींतील. भिंती दगडमातीच्या, दीड-दीड हात रुंद. मोबाईल हातीं घेऊन मी खोलोखोलीं हिंडलों. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या. त्या एक भिंत कशाबशा ओलांडीत. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी त्यांच्या निम्म्याहूनहि आंखूड. त्या माहिती वेगानें आणीत, पण भिंतीपाशींच थकत. लोखंडी कपाट मात्र दोहोंसहि वाट देत नसे. जगदीशचंद्र बोस यांनीं 1895 सालीं कलकत्त्यांत भिंतींपलीकडे अदृश्य लहरी पाठवून घंटा वाजविली होती, तिची मला राहून राहून आठवण होई.

आजी माझी ही पायपीट पाहत होती. ती म्हणाली, “अरे, घरांत वीज नव्हती तेव्हां आम्ही कंदील माजघराच्या तुळईला टांगीत असूं. दारें उघडीं ठेवलीं कीं तिन्ही खोल्यांत उजेड पडे.”

मला हवें होतें तें उत्तर मिळालें. दोन्ही पट्ट्यांचा एक मध्यम किंमतीचा राउटर मीं आणिला, बैठकीच्या खोलींतून माजघरापर्यंत तार ओढिली, व त्याच तुळईखालीं शिंगें उभीं करून तो बसविला. वीज गेली तरी काम अडूं नये म्हणून राउटरला आणि बाहेरून येणारी काचतंतूची तार जींत शिरते त्या पेटीलाहि लहानशी बॅटरी जोडिली. कारण एक बंद पडली तर दुसरी चालून काय उपयोग?

पुढें ताईची दुसऱ्या ठिकाणीं मुलाखत झाली. ती पाऊण तास अखंड चालली. तीहि नोकरी तिला मिळाली नाहीं. “पण या वेळीं माझें सगळें ऐकून घेऊन नाकारलें हो!” असें ती हंसून म्हणाली, आणि पोटभर जेवली.

वाचकहो, यंत्र निवडण्यापूर्वीं आपण आपलें घर नीट पाहावें, हें मीं या प्रसंगानें शिकलों. आणि त्याबरोबर घरांतील माणसांकडेहि.