लष्करची मराठी



ज्या शहराची भाषा आपल्या जिभेवर बसलेली नाही, तेथे शिकलासवरलेला मनुष्यही लहान मुलासारखा होतो. साधा भाव विचारावयाचा तरी बोटे दाखवावी लागतात. नाताळानंतर ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला, तेव्हा हा अनुभव मला पुरेपूर आला. आपली हिंदी पडली आगगाडीतली, आणि तेथली घरंदाज! लिपी एक व पुष्कळ शब्दही सारखेच, म्हणून घोटाळा अधिक. रिक्षा 'खाली' आहे म्हणजे ती रिकामी आहे. आणि कोणी आपली 'शिक्षा' कोठे झाली असे विचारले तर रागावू नये, तो बिचारा शिक्षणाविषयी विचारीत असतो.

ग्वाल्हेर म्हणजे वस्तुतः तीन गावे : किल्ल्याच्या पायथ्याचे जुने शहर, इंग्रजांच्या छावणीचे मुरार आणि लष्कर. सन १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी उज्जैनहून राजधानी हलविली आणि किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या सैन्याचा तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी घरे आली, बाजार वसला. नाव मात्र लष्कर हेच राहिले.

म्हणूनच परक्या वाटणाऱ्या या शहरात पाट्या वाचता वाचता ओळख पटू लागते. मुख्य चौक 'महाराज बाडा'. हा बाडा म्हणजे आपला वाडा. 'फालका बाजार' फाळके सरदारांची आठवण देतो. एका भागाचे नाव 'शिंदे की छावनी', तर दुसऱ्याचे 'कंपू'. हा कंपू शब्द मूळ पोर्तुगीज 'कांपो', म्हणजे तळ. वसईकरांना त्याचे कौतुक वाटावे!

जयाजीराव शिंदे यांचा जयविलास राजवाडा १८७४ साली पूर्ण झाला. त्याचा आराखडा मायकल फिलोज यांचा. हे कॅथलिक घराणे मूळचे इटलीतील नेपल्सचे. शिंद्यांच्या फौजेत चाकरीस आले आणि येथलेच झाले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली. दक्षिणेतून भाषा गेली, उत्तरेतून गाणे आले.

बाड्याजवळ गजक घेत असता माझे सोबत्याशी चाललेले बोलणे ऐकून एक वृद्ध बाई थांबल्या. "आपण महाराष्ट्रातले का?" त्यांच्या मराठीला हिंदीचे वळण होते, पण शब्द जपून ठेवलेले. म्हणाल्या, "घरी आम्ही मराठीच बोलतो. नातवंडांना समजते, पण उत्तर हिंदीत येते." दोनशे वर्षे टिकलेली भाषा एका पिढीत ओठांवरून कशी उतरते, हे त्या एका वाक्यात कळले. आपल्या वाडवळी-सामवेदी घरांतही आजीच्या प्रश्नाला नातू कोणत्या भाषेत उत्तर देतो, याचा ज्याने त्याने विचार करावा.

१९९९ साली ग्वाल्हेर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. रविवारी तेथे हिंदी मिस्साला उभा राहिलो. कित्येक शब्द अनोळखी. परंतु गुडघे कोठे टेकावे, हे कोणास विचारावे लागले नाही. मिस्सा संपल्यावर एका कुटुंबाने हात धरून चहाला नेले. संभाषण चार शब्दांचेच झाले; पण परकेपणा ओसरला तो तेवढ्यानेच.

वाचकहो, झारखंड-ओडिशाकडून कामासाठी आलेले आपले कॅथलिक बांधव आपल्याच देवळात मागच्या खांबापाशी उभे असतात. त्यांना मराठी येत नाही, म्हणून आपण त्यांच्याशी बोलत नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने सर्वांना एकच भाषा बोलावयास लावले नाही. प्रत्येकाने आपापल्या भाषेत सुवार्ता ऐकली. तेवढी कृपा आपल्या अंगी नसेल, तरी पुढच्या रविवारी त्यांतील एकाचे नाव विचारावयास आणि त्याला घरी चहाला न्यावयास व्याकरण लागत नाही.