धुळीतली चित्रं आणि शंभरचा पट

शाळा सुरू झाली की पालकांच्या ग्रुपवर चित्रकलेच्या साहित्याची यादी येते. यंदाही आली. ड्रॉइंग पेपर, पोस्टर कलर, दोन नंबरचे ब्रश. एकाने लगेच लिहिलं, "एवढा खर्च कशाला? गणिताकडे लक्ष द्या." खाली धडाधड अंगठे.

मला जिव्या सोमा म्हसे आठवले. डहाणूकडचे वारली. आई गेली तेव्हा हे लहान होते. त्या धक्क्याने पोराचं बोलणंच बंद झालं. काही सांगायचं असलं की धुळीत चित्र काढून दाखवायचं. पुढे ते घराच्या कुडावर आले. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप आणि गेरू. तांदूळ वाटून पाण्यात कालवला की झाला पांढरा रंग, बांबूच्या काडीचं टोक चावलं की झाला ब्रश. दुकानाचा संबंधच नाही. वारल्यांत लग्नाचा चौक लिहायचा मान सवाशिणींचा (हो, तिथं चित्र 'काढत' नाहीत, 'लिहितात'). या गड्याने मात्र लग्नकार्य नसतानाही लिहायला घेतलं, तेही रोज.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या पाड्यांवर पोचले. त्यांनी कागद दिला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे थांबून नीट बघितलं. 1976 ला म्हश्यांना राष्ट्रीय पुरस्कार, 2011 ला पद्मश्री. परदेशात प्रदर्शनं झाली. कागद-कापड हाताशी आलं तरी त्यावर शेणाचा हात फिरवणं त्यांनी सोडलं नाही. 2018 ला ते गेले.

आता कुणी म्हणेल, बघा, गरिबीतूनच कला येते. मला ते अजिबात पटत नाही. आई गेलेलं पोर मुकं होतं, यात कौतुक कसलं? आणि साहित्याचंच म्हणाल तर आपल्याकडे काय कमी आहे? अकोल्यात भात पिकतो, डोंगरात कारवी आहे, शेणाला तोटा नाही. कमी आहे ती बघणाऱ्या माणसाची.

शिक्षण हक्क कायदा, 2009 काढून बघा. सहावी ते आठवीला कलेसाठी अंशकालीन निदेशक कधी? तर पट शंभरच्या वर असेल तेव्हा. अकोल्याच्या, पारनेरच्या वाड्यावस्त्यांवर सहावी ते आठवी मिळून शंभर पोरं कुठून आणायची? म्हणजे जिथं विकतचे रंग परवडत नाहीत, नेमकं तिथंच कायद्याने माणूसही द्यायचा नाही! उरलेल्या गुरुजींनी दोन-दोन वर्ग, ऑनलाइन माहिती आणि खिचडी सांभाळून चित्रकलेच्या तासाला काय करायचं? "झेंडा काढा" म्हणतात बिचारे.

ही अट वस्ती बघून शिथिल व्हावी, निदान चार-पाच शाळांत मिळून एक निदेशक तरी फिरता असावा, असं माझं म्हणणं आहे. तुमच्या गावच्या शाळेत सहावी ते आठवीचा पट किती आणि कलेचं कोण शिकवतं, खाली लिहा. आकडे जमले की जिल्हा परिषदेत निवेदन देऊ.